हेमंतांतील कविसभा

प्रवासास निघालेला मनुष्य परक्या गांवीं उतरला म्हणजे प्रथम देवळें पाहतो, मग बाजार पाहतो, आणि वेळ उरल्यास किल्ला किंवा अजबखाना पाहतो. त्या गांवची कविता ऐकावी असें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. कविता पुस्तकांत असते आणि पुस्तक घरीं बसून वाचतां येतें. मग तिच्यासाठीं परगांवीं रात्र कां जागवावी, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब आपल्याकडे फार जुना नाहीं. छापखाना आल्यानंतरचा तो आहे. त्यापूर्वीं कविता ही मुख्यत्वेंकरून ऐकण्याची वस्तु होती, आणि ती ऐकण्यासाठीं लोक कोसच्या कोस चालत जात. ही जुनी संवय अद्याप कोठें टिकली आहे व ती कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आली, याचा शोध घेणाऱ्यास नागपूरसारखें दुसरें सोयीचें शहर सांपडणें कठीण. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांच्या कविसभा येथें शेजारींशेजारीं वाढल्या आहेत. आणि त्यांचा खरा हंगाम हिंवाळा हाच आहे.

हिंवाळाच कां, याचें उत्तर काव्यशास्त्रांत न शोधतां शेतांत व आकाशांत शोधावें लागतें. नागपूरच्या उन्हाळ्यांत चार माणसें दुपारीं एकत्र बसणेंही जड जातें, आणि पावसाळ्यांत मांडव टिकत नाहीं. पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीच्या मुलखांत दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतें. हातांत चार पैसे खेळूं लागले कीं गांवोगांवीं ‘मंडई’ भरते, तिच्या रात्रीं दंडार उभी राहते, आणि वडसा येथील नाटकमंडळ्या पुढील कित्येक महिने गांवोगांव रात्रींचे खेळ करीत हिंडतात. शहरांतही तोच क्रम आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून १९६० पासून विधिमंडळाचें हिंवाळी अधिवेशन बहुधा दरवर्षीं येथें भरत आलें आहे. त्यानिमित्त मुंबई-पुण्याची मंडळी डिसेंबरांत नागपुरास येतात. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजीं अमरावतीस संक्रांतीच्या मुहूर्तावर झाली, व पुढें त्याचें ठाणें नागपुरास, सीताबर्डीवर आलें. पहिलें जागतिक हिंदी संमेलन याच शहरांत १९७५ च्या जानेवारींत १० तारखेपासून भरलें. संक्रांतीचा तिळगूळ आणि कविता यांची गांठ येथें अशी जुनी आहे.

ही गोष्ट केवळ आपल्याच मुलखाची आहे असें मात्र नव्हे. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स देशांत १९७६ पासून मागें मोजल्यास बरोबर आठशें वर्षांपूर्वीं, म्हणजे ११७६ सालच्या नाताळांत, ऱ्हीस नामक राजपुरुषानें कार्डिगनच्या किल्ल्यांत कवि व वादक यांच्या स्पर्धा भरविल्या. त्याची दवंडी वर्षभर आधीं पिटविली होती, आणि विजेत्यास मानाची खुर्ची द्यावयाची होती. वेल्स लोकांचा ‘आइस्टेडफोड’ हा काव्योत्सव आपली परंपरा तेथून सांगतो. थंडीच्या दिवसांत, शेतीचें काम संपल्यावर, दूरदूरच्या कवींनीं एका छताखालीं यावें, हा मनुष्यस्वभावच दिसतो.

विदर्भापुरतें बोलावयाचें तर आपली परंपरा याहूनही मागें जाते. ईसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकांत वाकाटक राजे येथें नांदत होते, आणि त्यांपैकीं कांहीं स्वतः कवि होते. रामटेकाजवळील नंदिवर्धन, म्हणजे आजचें नगरधन, ही त्यांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील दुसऱ्या प्रवरसेनाचें ‘सेतुबंध’ हें काव्य महाराष्ट्री प्राकृतांत आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथील शाखेचा मूळपुरुष सर्वसेन यानें ‘हरिविजय’ रचिलें. तें काव्य आज नष्ट झालें आहे. मेघदूतांतील रामगिरि तो रामटेकच, असें प्रतिपादन महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं याच नागपुरांत राहून केलें. ज्या भाषेची लेक आपली मराठी, तिच्यांतील मोठीं काव्यें प्रथम या भूमींत कोणा राजसभेंत मोठ्यानें वाचलीं गेलीं असतील, हा विचार नगरधनच्या टेकाडावर उभें राहिलें असतां मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्या राजसभेचें स्वरूप कसें असावें, हें दहाव्या शतकाच्या प्रारंभीं राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत सांगून ठेविलें आहे. राजशेखराचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणि म्हणून गाजलेला होता. स्वतः राजशेखर कनोज व त्रिपुरी येथील दरबारांत वावरला. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचें लग्न त्यानें लाविलें तें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. हा आम्हां वैदर्भीयांचा अभिमानाचा विषय आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या सभामंडपाच्या वर्णनांत आहे. सोळा खांबांचा व चार दारांचा मंडप, मध्यें राजाची बैठक, आणि चारी दिशांस कवींच्या जागा. उत्तरेस संस्कृत कवि, पूर्वेस प्राकृत कवि, पश्चिमेस अपभ्रंश कवि व दक्षिणेस पैशाची भाषेचे कवि. येथपर्यंत सारें अपेक्षेप्रमाणें आहे. पण या कवींच्या पाठीशीं तो कोणाकोणास बसवितो तें पाहण्यासारखें आहे. संस्कृत कवींमागें वेदज्ञ व तार्किक. प्राकृत कवींमागें नट, नर्तक व गायक. अपभ्रंश कवींमागें चितारी, जडावकाम करणारे, सोनार, सुतार व लोहार. आणि पैशाची कवींमागें दोरीवर नाचणारे, गारुडी व मल्ल. कवितेच्या सभेंत लोहाराला जागा आहे आणि मल्लालाही आहे. हजार वर्षांपूर्वींच्या दरबारी पंडितानें काढलेला हा नकाशा आपल्या आजच्या साहित्यसभांच्या शेजारीं ठेवून पाहावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

याच राजशेखरानें काव्य म्हणण्याच्या कलेवरही स्वतंत्र विवेचन केलें आहे. रचना पुष्कळांस साधते, पण ती म्हणावी कशी हें ज्यास सरस्वती प्रसन्न आहे त्यासच कळतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या म्हणण्याच्या तऱ्हा त्यानें मोठ्या खोडकरपणानें टिपल्या आहेत. द्रविड देशींचे लोक गद्य असो वा पद्य असो, सारें गाऊनच म्हणतात. काश्मिरी कवि उत्तम, पण त्यांचें पठण कानांत गुळवेलीच्या रसासारखें कडू. पांचालांचें मात्र मधासारखें. म्हणजे कविता चांगली असणें आणि ती चांगली ऐकूं येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यास पुरें ठाऊक होतें.

मध्यंतरींच्या शतकांत ही श्रवणाची परंपरा कीर्तनकार, गोंधळी व शाहीर यांनीं सांभाळली. एकोणिसाव्या शतकांत छापखाना आला, मासिकें निघालीं, आणि सुशिक्षितांची कविता कागदावर येऊन बसली. तिला पुन्हां बोलतें करण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९०७ सालीं जळगांवीं झालेलें कविसंमेलन हा होय. ‘काव्यरत्नावली’चे संपादक नारायण नरसिंह फडणीस यांच्या गांवीं भरलेल्या या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. पेशानें ते डॉक्टर, व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्यासमोर त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सतरा वर्षांच्या आंतबाहेरील मुलानें आपली कविता म्हटली, आणि कीर्तिकरांनीं त्यास ‘बालकवि’ ही पदवी दिली. मराठींतील एका श्रेष्ठ निसर्गकवीचें नांव हें असें श्रोत्यांच्या सभेंत ठेविलें गेलें आहे. पुढें ५ मे १९१८ रोजीं, जळगांवाहून नागपुरास येणाऱ्याच लोहमार्गावर, भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला.

१९२३ सालीं अमरावतीस विदर्भ साहित्य संघ निघाला, त्याच सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे प्रभृति मंडळींनीं काव्यगायनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले. यशवंत व गिरीश चालीवर कविता गात, आणि सभागृहें भरून जात. आचार्य अत्र्यांनीं १९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ काढून या साऱ्या प्रकाराची यथेच्छ थट्टा केली, यावरूनच त्याचा प्रसार किती झाला होता तें कळतें. या मंडळापैकीं गजानन त्र्यंबक माडखोलकर नागपुरास आले ते येथलेच झाले. १९४४ सालीं ‘तरुण भारत’ दैनिक निघालें, तेव्हांपासून त्यांच्या संपादकत्वाखालीं तें पत्र या शहराच्या साहित्यव्यवहाराचें एक केंद्र होऊन राहिलें.

काव्यगायनानें कविता घरोघर नेली हें खरें. परंतु त्यांत एक धोका दडलेला होता. चाल गोड असली कीं शब्द पोकळ असले तरी खपून जात. श्रोत्याला आपण काव्य ऐकतों कीं गाणें, याचा विसर पडूं लागला. या प्रश्नाला उत्तर मिळालें तें विदर्भांतून. मूर्तिजापुरास १९०१ सालीं जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवि अनिल, यांनीं मुक्तछंदाचा पुरस्कार केला. १९४० सालचें त्यांचें ‘भग्नमूर्ति’ हें दीर्घकाव्य याच छंदांत आहे. मुक्तछंद गातां येत नाहीं. तो बोलावा लागतो. श्वास कोठें घ्यावा, शब्द कोठें सोडावा, हें अर्थ पाहून ठरवावें लागतें. जो कवि गळ्याच्या जोरावर सभा जिंकीत असे, त्याच्या हातांतील हत्यार यानें काढून घेतलें. काव्यगायनाचें रूपांतर काव्यवाचनांत झालें, त्याला हें एक मोठें कारण आहे. पुढें विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगांवकर या त्रयीनें महाराष्ट्रभर हिंडून केवळ वाचनाच्या बळावर हजारों श्रोते बांधून ठेविले. त्यांच्या पायाखालचा रस्ता या आधींच्या पिढीनें तयार केलेला होता.

नागपूर ही १९५६ पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी. त्यामुळें येथील काव्यास एक शेजार लाभला, जो पुण्यास लाभला नाहीं. याचें सर्वांत मनोज्ञ उदाहरण म्हणजे मुक्तिबोध बंधु. थोरले गजानन माधव हिंदींत लिहीत. १९४८ पासून दहा वर्षें ते नागपुरांत होते. धाकटे शरच्चंद्र मराठींत लिहीत. त्यांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९ सालचा. घरची बोली मराठी, आई-बाप तेच, शहर एकच, आणि दोघे भाऊ दोन भाषांच्या नवकाव्यांतील अग्रगण्य कवि!

उर्दूचा शेजार याहून जुना आहे. १८२१ च्या सुमारास कामठीची छावणी वसली. उत्तरेकडून आलेलीं विणकरांचीं कुटुंबें कामठीस व नागपूरच्या मोमिनपुऱ्यांत स्थायिक झालीं, आणि मुशायऱ्याची रीति त्यांनीं आपल्याबरोबर आणिली. मुशायऱ्यांत श्रोता मुका बसत नाहीं. पहिली ओळ आवडली तर तो ती पुन्हां म्हणावयास लावतो. दुसरी ओळ येईपर्यंत सारी सभा श्वास रोखून असते. आणि ती नेमकी पडली कीं दाद उसळते. जुन्या मुशायऱ्यांत एक ओळ आधीं देऊन सर्वांनीं तिच्याच जमिनींत रचना करावयाची, अशीही चाल होती. म्हणजे तुलना उघडउघड होई, आणि निवाडा श्रोते करीत.

मराठींत ही दाद घेऊन आले ते सुरेश भट. १९३२ सालीं अमरावतीस जन्मलेल्या व नागपुरास २००३ सालीं निवर्तलेल्या या कवीनें माधव जूलियनांनीं आणिलेली गझल लोकांच्या ओठांवर बसविली. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) व ‘एल्गार’ (१९८३) हे त्यांचे संग्रह वाचकांना माहीत आहेत. परंतु त्यांची गझल ही प्रथमतः सभेसाठीं घडविलेली वस्तु आहे. दोन ओळींचा शेर स्वतंत्र असतो, अर्थाचा चटका दुसऱ्या ओळीच्या अखेरीस राखून ठेविलेला असतो, आणि तो ऐकणाऱ्यालाच पुरता लागतो. नवोदितांसाठीं त्यांनीं ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका लिहून वाटली, यांत त्यांचें मोठेपण आहे. रेशीमबागेंतील महापालिकेच्या भव्य सभागृहास आज त्यांचें नांव आहे. तें २०१७ सालीं खुलें झालें.

येथपर्यंतचा इतिहास सभागृहांतला झाला. परंतु राजशेखराच्या नकाशांतील पश्चिमेच्या व दक्षिणेच्या दारांचें काय झालें? तीं दारें बंद झालीं नव्हतीं. आपणच तिकडे पाठ करून बसलों होतों. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत एक पक्ष शिवाचें श्रेष्ठत्व मांडी, दुसरा शक्तीचें. सवालाला जबाब आला नाहीं तर ती हार. डफाच्या तालावर रात्रभर चालणारी ही वादसभाच होती, आणि तिच्यांत बसलेले शेतकरी व विणकर काव्यांतील कूट उलगडून पाहत. नागपूरकडील खडी गंमत याच कुळांतली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं (१९०९-१९६८) नुसत्या खंजिरीच्या साथीनें खेड्यापाड्यांत जी जागृति केली, तिची दखल इंग्रज सरकारला घ्यावी लागली. १९४२ सालीं चिमूर-आष्टीच्या उठावाच्या वेळीं महाराजांस पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेविलें गेलें. छापलेलें पुस्तक जप्त करतां येतें. हजारों लोकांना पाठ झालेलें भजन जप्त कसें करावें? तेव्हां गाणाऱ्यालाच अटकेंत टाकावें लागलें.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या चळवळीचें तत्त्वज्ञान लिहितां-वाचतां न येणाऱ्या माणसांपर्यंत ज्यांनीं पोंचविलें, त्यांत गायक-कवींचा वांटा फार मोठा आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे त्यांतले अग्रणी. झोळी घेऊन ते जन्मभर गांवोगांव फिरले. दीक्षाभूमीवर दरवर्षीं जमणारा जनसमुदाय पुस्तकें विकत घेतो आणि गाणीं ऐकतो. त्याच्या लेखीं वाचणें आणि ऐकणें यांत भेद नाहीं. सुशिक्षित मराठी समाजानें या कवितेस कित्येक वर्षें ‘गाणें’ म्हणून बाजूस ठेविलें, ही आपल्या वाङ्मयेतिहासांतील मोठी उणीव आहे, आणि ती कबूल करण्यास आपण कचरूं नये.

अलीकडे तरुण मंडळींत ‘स्लॅम’ नांवाच्या काव्यस्पर्धेचें आकर्षण दिसतें. तिचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरांत झाला. बांधकामावर काम करणारा मार्क स्मिथ नांवाचा कवि विद्यापीठी काव्यवाचनांच्या कंटाळवाणेपणास विटला, आणि १९८६ सालीं ‘ग्रीन मिल’ नामक मद्यगृहांत त्यानें हा खेळ सुरू केला. श्रोत्यांतूनच कोणीतरी पांच परीक्षक निवडावयाचे, प्रत्येक कवीला सुमारें तीन मिनिटें द्यावयाचीं, आणि शून्य ते दहा असे गुण मोठ्यानें जाहीर करावयाचे. आपल्या शहरांतील उपाहारगृहांतून ‘ओपन माइक’च्या नांवानें मुलें-मुली ज्या कविता म्हणतात, त्या याच वाटेनें आल्या. वडील मंडळी यावर नाक मुरडतात. कवितेला कुस्तीसारखे गुण कसले द्यावयाचे, असें म्हणतात. त्यांना आम्ही एवढेंच सुचवूं कीं राजशेखराच्या मंडपांत मल्ल बसत होते, आणि कलगी-तुऱ्यांत हारजीत रोख होती. नव्या मुलांना उसनें आणावें लागलें, कारण घरांतलें त्यांना कोणीं दाखविलें नाहीं.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. तीन मिनिटांत गुण मिळवावयाचे असले म्हणजे कवि ओरडूं लागतो. काव्यगायनांत जो दोष गोड चालीनें शिरला, तोच येथें आवेशानें शिरतो. ग्रेस यांच्यासारखा कवि, ज्याची ओळ ऐकल्यावर दोन दिवसांनीं उमलते, अशा पाटीवरच्या गुणांत नापासच व्हावयाचा. म्हणून सभा एकाच तऱ्हेची असून भागत नाहीं. अनिलांचा बोलता मुक्तछंद, भटांचा दाद मागणारा शेर, शाहिराचा सवाल आणि मुलांची स्पर्धा, या साऱ्यांना जागा असेल तरच श्रोत्याचा कान तयार होतो. आणि तयार कान असले तरच कवीला ओरडण्याची गरज उरत नाहीं.

तेव्हां पौषांत नागपुरास येणाऱ्या प्रवाशानें संत्र्यांची करंडी घेण्यापूर्वीं एक करावें. सकाळच्या मराठी, हिंदी व उर्दू वर्तमानपत्रांतील त्या दिवसाच्या कार्यक्रमांचें सदर पाहावें, साहित्य संघांत जाऊन चौकशी करावी, ग्रंथविक्रेत्यास विचारावें. मुशायरा कोठें आहे तें कामठीचा किंवा मोमिनपुऱ्याचा चहावाला सांगेल, आणि दंडार कोणत्या गांवीं आहे तें एस.टी.च्या स्थानकावर भंडाऱ्याकडील उतारू सांगतील. उबेचें पांघरूण बरोबर घ्यावें, कारण रात्रीं गारठा झोंबतो. आणि शक्य असल्यास मुलांना सोबत न्यावें. भाषा समजली नाहीं तरी बसून राहावें. आपल्या घरांत कपाटभर काव्यसंग्रह असतात, आणि त्यांतली एकही कविता मोठ्यानें म्हटलेली मुलांनीं ऐकलेली नसते, अशी स्थिति आज पुष्कळ कुटुंबांत आहे. ज्या भाषेची कविता घरांत ऐकूं येत नाहीं, ती भाषा घरांत किती दिवस राहील, हा प्रश्न आम्हांस भेडसावतो. त्याचें उत्तर ग्रंथांत नाहीं. मांडवांत सतरंजीवर, लोहार-सुतारांच्या शेजारीं जागा करून बसल्यास कदाचित् सांपडेल.